सहा स्क्रूंचा व्हिंटेज ट्रेमोलो: निवडण्यापासून सुरात बसवण्यापर्यंत

स्ट्रॅटोकॅस्टर धाटणीची गिटार नवी नवी हातात आली की ट्रेमोलोचा आर्म, म्हणजे तारा सैल-ताठ करून सूर हलवणाऱ्या यंत्रणेचा दांडा, दाबून बघायचा मोह कुणालाच आवरत नाही. दोन-चारदा दाबला की गिटार सुरातून उतरते, आणि लगेच कुणीतरी सल्ला देतं, "मागच्या स्प्रिंगा गच्च आवळून टाक, भानगडच नको." सल्ला अगदी टाकाऊ नाही. पण दोष बहुतेक वेळा ट्रेमोलोचा नसतोच, तो बसवणाऱ्याचा असतो. ब्रिजच्या, म्हणजे तारा बॉडीवर जिथे टेकतात त्या भागाच्या, पुढच्या कडेचे सहा स्क्रू बघून माणसाला वाटतं, हे ब्रिज बॉडीला जखडण्यासाठी दिलेत, आणि तो ते सगळे पिळून टाकतो. खरं तर ते सहा स्क्रू म्हणजे बिजागरी आहे. बिजागरी आवळून ठेवली तर दार उघडणार कसं?

हे एवढं पटलं तर पुढचं सगळं काम आपोआप सरळ होतं.

लिओ फेंडरच्या कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनच्या कारखान्यात १९५४ साली स्ट्रॅटोकॅस्टर तयार झाली, तेव्हा हा ट्रेमोलो तिच्यासोबतच आला. त्याआधीचा एक नमुना त्यांनी करून पाहिला होता, पण त्यात तारेचा आवाज टिकत नव्हता, म्हणून तो मोडीत काढला आणि नवी रचना केली. नव्या रचनेत ब्रिजच्या प्लेटखाली पोलादाचा जड ठोकळा लावला. त्यालाच ब्लॉक म्हणतात. तारा मागून या ब्लॉकमधून वर येतात, सॅडलवरून (प्रत्येक तारेच्या छोट्या टेकूवरून) वळतात आणि नटकडे (नेकच्या टोकाच्या खाचा असलेल्या पट्टीकडे) जातात. ब्लॉकच्या खालच्या टोकाला स्प्रिंगा अडकवलेल्या असतात, त्यांची दुसरी टोकं क्लॉ नावाच्या पट्टीला, आणि क्लॉ दोन लांब स्क्रूंनी लाकडात. या रचनेचं पेटंट १९५६ साली मिळालं.

तारा ब्रिजला नेककडे ओढतात, स्प्रिंगा ब्लॉकचं खालचं टोक नेककडे ओढतात. टेकू मध्ये, सहा स्क्रूंच्या ओळीत. दहा ते सेहेचाळीस गेजचा (गेज म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात मोजलेली तारेची जाडी) संच नेहमीच्या सुरात लावला तर सहा तारांचा एकत्रित ताण साधारण ४७ किलो भरतो. म्हणजे हे दोन्हीकडून ओढलेलं यंत्र आहे, आणि त्याचा तोल सांभाळणं हाच बसवणाऱ्याचा खरा उद्योग.

खरेदीआधी मोजा

नवशिक्यांचे पैसे इथेच सर्वात जास्त वाया जातात, म्हणून जरा थांबून वाचा.

पहिलं माप बाहेरच्या दोन स्क्रूंमधलं. दोन्ही टोकांच्या स्क्रूंच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. व्हिंटेज अमेरिकी मापात हे अंतर सव्वाछप्पन्न मिलिमीटरच्या आसपास येतं. आशियाई बनावटीच्या अनेक गिटारींवर आणि पूर्वीच्या बऱ्याच मेक्सिकन मॉडेलांवर ते साडेबावन्नच्या आसपास असतं. फरक चारच मिलिमीटरचा दिसतो, पण एका मापाचा ब्रिज दुसऱ्याच्या भोकांवर बसत नाही म्हणजे नाही. ब्रिज काढून भोकं मोजता आली तर उत्तम. साध्या पट्टीपेक्षा व्हर्नियर कॅलिपर बरा.

दुसरं माप बॉडीच्या जाडीचं. मूळ स्ट्रॅटची बॉडी ४४-४५ मिलिमीटर जाड. स्वस्त गिटारींची बॉडी त्याहून बरीच पातळ असू शकते. पूर्ण उंचीचा ब्लॉक तिथे लावला तर तो मागून बाहेर डोकावतो आणि वाजवताना पोटाला लागतो. पातळ बॉडीसाठी आखूड ब्लॉक वेगळा मिळतो, तोच घ्या.

तिसरं, आर्मचे आटे. अमेरिकी मापाचे आटे आणि मेट्रिक आटे वेगळे असतात. एकाचा आर्म दुसऱ्याच्या ब्लॉकमध्ये दोन फेरे जातो आणि अडकतो. तिथे जोर लावला की ब्लॉकचे आटे गेलेच. आर्म नेहमी ब्रिजसोबतच मागवा.

ब्लॉक कशाचा आहे हे ओळखायला फ्रिजवरचं लोहचुंबक पुरतं. पोलादाला चिकटतं, जस्ताच्या मिश्रधातूला चिकटत नाही. १९७० च्या दशकात फेंडरनेही ओतीव मिश्रधातूचे ब्लॉक वापरले, आणि जुन्या पोलादी ब्लॉकचं कौतुक तेव्हापासून वाढत गेलं. आवाजात जमीन-अस्मानाचा फरक पडतो असं मी म्हणणार नाही. पण पोलादात आर्मचे आटे जास्त वर्षं टिकतात, आणि मला तेवढं कारण पुरेसं वाटतं.

आणखी एक. तुमच्याकडे खरोखरच साठच्या दशकातली किंवा त्याआधीची मूळ गिटार असेल तर हा लेख वाचा, पण ड्रिल बाजूला ठेवा. तिचे वाकवलेल्या पत्र्याचे सॅडल, त्यावरचा ठसा, स्क्रूसुद्धा, या सगळ्याला किंमत आहे. काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालून जपून ठेवा आणि नवं भोक एकही पाडू नका.

ज्या बॉडीत ट्रेमोलोची खोबण मुळातच नाही, तिच्यात ती कोरणं हे साचा, राउटर आणि सरावलेला हात मागणारं काम आहे. पहिल्याच प्रयत्नात त्याच्या वाटेला जाऊ नये. इथे आपण खोबण असलेल्या गिटारवर नवा ब्रिज बसवतोय असं धरून चालू.

जुनं काढणं

तारा एकदम कापू नका. एकेक करून सैल करा, मग काढा. मागचं झाकण काढा. क्लॉचे दोन्ही स्क्रू थोडे सैल करा, मग पक्कडीने स्प्रिंगा ब्लॉकमधून सोडवा. स्प्रिंग सुटताना उसळते, तोंड जवळ नेऊ नका, चष्मा असेल तर घाला. क्लॉला एक काळी वायर सोल्डर केलेली दिसेल. ती अर्थिंगची. ती तोडू नका, क्लॉ जागेवरच राहू द्या. नवा क्लॉ लावायचाच असेल तर वायर सोडवून घ्या आणि नव्याला जोडा. क्लॉ जाड पत्र्याचा असल्यामुळे तो उष्णता शोषून घेतो. २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने तिथे नुसता चिकट गोळा होतो, सांधा धरत नाही. साठ वॅटचा घ्या, पृष्ठभाग पॉलिश पेपरने घासा, आणि हे काम स्प्रिंगा लावण्याआधी उरका.

आता सहा स्क्रू काढा आणि ब्रिज उचला. भोकांकडे नीट बघा. कडा फुटलेल्या आहेत का, भोक अंडाकृती झालंय का, स्क्रू हाताने फिरवला तर गरगर फिरतो का.

भोकं

माप जुळत असेल आणि भोकं घट्ट असतील तर हा भाग सोडून पुढे जा.

नसेल, तर जुनी भोकं बुजवून नवी पाडावी लागतात. काडेपेटीच्या काड्या आणि फेव्हिकॉल हा घराघरातला उपाय दाराच्या कडीला चालतो, इथे चालत नाही, कारण या स्क्रूंवर तारांचा सगळा भार आहे. कठीण लाकडाची गोल खुंटी हवी. जुनं भोक खुंटीच्या मापाचं साफ करा, गोंद लावा, खुंटी ठोका, एक दिवस वाळू द्या, मग पृष्ठभागाला सपाट कापा.

नव्या भोकांची जागा ठरवताना घाई नको. आधी लांबीचं माप. नटच्या आतल्या कडेपासून बाराव्या फ्रेटच्या (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्टीच्या) मध्यापर्यंत मोजा, स्ट्रॅटवर ते ३२४ मिलिमीटर येईल. दुप्पट केलं की ६४८. पहिल्या, म्हणजे सर्वात बारीक तारेचं सॅडल या अंतरावर यायला हवं, आणि तिथे आल्यावर त्याला मागे सरकायला भरपूर जागा उरायला हवी. कारण जाड तारांची सॅडल याहून मागे जातात, पुढे येत नाहीत.

मग आडवी जागा. नटच्या पहिल्या आणि सहाव्या खाचेतून शिवणाचा दोरा सॅडलपर्यंत ताणा. फिंगरबोर्डच्या शेवटच्या फ्रेटवर दोन्ही दोऱ्यांचं कडेपासूनचं अंतर सारखं आलं पाहिजे. न आल्यास ब्रिज केसभर डावी-उजवीकडे सरकवा आणि पुन्हा बघा. हे जुळल्याशिवाय पेन्सिल खाली ठेवू नका.

खूण टोच्याने खोल करा, म्हणजे ड्रिल घसरत नाही. नेहमीच्या स्क्रूसाठी २.८ मिलिमीटरचं बिट घ्या. स्क्रू लाकडात किती जाणार ते मोजून बिटवर चिकटपट्टीचा झेंडा लावा. भोक सरळ उभं पडायला हवं, कलतं पडलं तर स्क्रू प्लेटच्या भोकाच्या एका कडेला घासतो आणि तिथेच ट्रेमोलो अडतो. जवळपास एखाद्या सुताराकडे उभं ड्रिल मशीन असेल तर सरळ त्याच्याकडे जा, दहा मिनिटांचं काम आहे. आधी बाहेरची दोनच भोकं पाडा. ब्रिज त्यांवर बसवून बघा, मधली चार जागेवर येतायत याची खात्री झाली की मगच ती पाडा.

स्क्रूला मेणबत्तीचं मेण चोळा. साबण चोळायची पद्धत जुनी आहे, पण साबण ओल धरतो, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तो स्क्रू वर्षभरात लाकडात गंजून बसतो.

सहा स्क्रू किती आवळायचे?

लेखाचा जीव इथे आहे.

व्हिंटेज प्लेटची सहाही भोकं खालच्या बाजूने तासलेली असतात, त्यामुळे आतली कड पात्यासारखी पातळ होते. ही कड स्क्रूच्या दांड्यावर टेकते आणि प्लेट तिच्यावर हलते. स्क्रूचं डोकं प्लेटवर दाबून बसलं तर ही हालचाल मरते. प्लेट वाकते, पुढची कड उचलते, आर्म सोडल्यावर ती जिथून निघाली तिथे परत येत नाही.

फेंडरची स्वतःची पद्धत अशी: आर्मने ब्रिज मागे ओढून प्लेट बॉडीला सपाट टेकवा. सहाही स्क्रू सैल करून डोकी प्लेटच्या दीड मिलिमीटर वर आणा. मग फक्त बाहेरचे दोन पुन्हा खाली आणा, डोकं प्लेटला जेमतेम टेकेल इतकेच. आता ब्रिज या दोन स्क्रूंवर हलतो, आणि मधले चार त्याला इकडेतिकडे सरकू देत नाहीत.

जेमतेम म्हणजे किती, हे बोटाला कळतं. स्प्रिंगा आणि तारा नसताना ब्रिज हाताने मागून उचला. तो स्वतःच्या वजनाने अलगद खाली पडायला हवा. मध्येच थांबला तर कुठला तरी स्क्रू घासतोय. एकेक करून पाव फेरा सैल करा, पुन्हा उचला. दोषी स्क्रू सापडतोच. ही चाचणी तारा चढवण्याआधीच करता येते. नंतर तोच दोष शोधायला अर्धा दिवस जातो, म्हणून ती टाळू नका.

स्प्रिंगा आणि तोल

कारखान्यातून पाच स्प्रिंगा यायच्या, कारण त्या काळच्या तारा जाड होत्या. आज नऊ किंवा दहाच्या संचाला तीन पुरतात: दोन कडेच्या आणि एक मधली. पाच लावल्या तर आर्म कडक लागतो, तीन लावल्या तर मऊ. गिटारवादक एरिक क्लॅप्टनने पाच स्प्रिंगा लावून ब्लॉकमागे लाकडाची पाचर बसवली आणि ट्रेमोलो कायमचा बंद केला. आर्म वापरायचाच नसेल तर ते झकास.

क्लॉ सुरुवातीला खोबणीच्या भिंतीपासून सेंटिमीटरभर लांब ठेवा, दोन्ही बाजूंनी सारखा. स्प्रिंगा आधी क्लॉला अडकवा, मग पक्कडीने ताणून ब्लॉकच्या भोकात सोडा. आता तारा घाला.

इथून पुढे बहुतेक जण चक्रात सापडतात. एक तार सुरात लावली की ब्रिज पुढे झुकतो, आधीच्या तारा उतरतात. त्या चढवाव्यात तर ही उतरते. यातून सुटायला पाचरेची युक्ती आहे. ब्रिजच्या प्लेटची मागची कड बॉडीपासून तीन मिलिमीटर वर तरंगायला हवी. बाद झालेली चार एटीएम कार्डं एकावर एक ठेवली की बरोबर तीन मिलिमीटर होतात. ही गड्डी प्लेटच्या मागच्या कडेखाली सरकवा. आता गिटार उलटी धरून, ब्लॉक आणि खोबणीची पट्टा अडकवायच्या खुंटीकडची भिंत यांच्यामध्ये लाकडाची पाचर हलकेच बसवा, म्हणजे ब्लॉक त्या बाजूला जाऊ शकणार नाही. कार्डं काढून घ्या.

ब्रिज आता हलत नाही, म्हणून सगळ्या तारा शांतपणे सुरात लावा. तारा बोटांनी उचलून ताणा, पुन्हा सुरात लावा, त्या उतरायच्या थांबेपर्यंत. मग क्लॉचे दोन्ही स्क्रू अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याने आलटून पालटून आवळत जा. एका क्षणी स्प्रिंगांचा ओढा तारांच्या बरोबरीला येतो, पाचरेवरचा दाब जातो आणि ती सैल होऊन खाली पडते. तिथेच थांबा. तोल साधला. सूर तपासा, किंचित इकडेतिकडे असेल तर क्लॉच पाव फेरा फिरवा, तारा ताणायच्या खुंट्यांना हात लावू नका.

तरंगत्या ब्रिजचे तोटेही माहीत असावेत. एक तार वाजवता वाजवता तुटली की बाकीच्या पाच वर चढतात. एक तार वाकवताना शेजारची तार किंचित उतरते. हे नको असेल तर स्प्रिंगा आणखी आवळून प्लेट बॉडीला टेकवा. आर्म फक्त खाली दाबता येईल, वर ओढता येणार नाही. पहिले काही महिने मी हेच सुचवेन.

उंची आणि इंटोनेशन

सॅडलच्या छोट्या ग्रब स्क्रूंना अमेरिकी ब्रिजवर ०.०५० इंचाची ॲलन की लागते. दीड मिलिमीटरची जात नाही. आशियाई ब्रिजवर नेमकं उलट. चुकीच्या चावीने स्क्रूचं षटकोन घासलं की तो काढणं महाकठीण.

व्हिंटेज फिंगरबोर्ड चांगलाच गोलसर असतो, म्हणून सॅडलही त्याच गोलाईत ठेवा. सतराव्या फ्रेटवर जाड बाजूला दोन मिलिमीटर आणि बारीक बाजूला १.६ मिलिमीटर उंचीने सुरुवात करा. याहून खाली आणल्यास वरच्या फ्रेटवर तार वाकवताना आवाज गुदमरतो. हा नेकच्या गोलाईचा स्वभाव आहे, दुरुस्तीने जात नाही.

इंटोनेशनसाठी, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर यावा म्हणून, पहिलं सॅडल ६४८ वर. दुसरं त्याहून दुसऱ्या तारेच्या जाडीएवढं मागे, तिसरं दुसऱ्याहून तिसऱ्या तारेच्या जाडीएवढं मागे. चौथं पुन्हा दुसऱ्याच्या रेषेत, आणि पाचवं-सहावं तसंच क्रमाने मागे. मग ट्यूनरवर मोकळी तार आणि बाराव्या फ्रेटवर दाबलेली तार एकच सूर दाखवेपर्यंत बारीक सरकवा. दाबलेला सूर वर असेल तर सॅडल मागे, खाली असेल तर पुढे. प्रत्येक वेळी तार पुन्हा सुरात लावायची.

अजूनही उतरते?

मग ब्रिज सोडा आणि दुसऱ्या टोकाकडे बघा. आर्म वापरल्यावर सूर वर राहत असेल तर तार नटच्या खाचेत अडकतेय. खाचेत पेन्सिलचं शिसं घासा. खाच तारेपेक्षा अरुंद असेल तर शिशाने भागत नाही, खाच रुंद करून घ्यावी लागते. नटपलीकडे तारा खाली दाबणाऱ्या चिमटीखालीही थोडं शिसं लावा. खुंटीवर तारेचे दोन-तीनच वळसे हवेत. व्हिंटेज खुंटीला वरून मध्ये भोक असतं, तार आधी कापून टोक त्यात खुपसायचं आणि मग गुंडाळायचं. कापताना दोन खुंट्यांच्या अंतराएवढी जादा ठेवली की वळसे बरोबर पडतात.

एक उपयोगी सवय: आर्म दाबून सूर उतरला असेल तर किंचित वर ओढून सोडा, आर्म ओढून सूर वर राहिला असेल तर खाली दाबून सोडा. ब्रिज बहुतेक वेळा जागेवर येतो. हॅंक मार्विनसारखे वादक आर्म सतत हातात धरून वाजवायचे, त्यांचा हात त्याला सारखा जागेवर आणतच असे.

ज्यांच्या बॉडीत खोबण नाही आणि कोरायचीही नाही, त्यांच्यासाठी बिग्सबी आहे. पॉल बिग्सबीने कॅलिफोर्नियातच बनवलेली ही रचना बॉडीच्या वरून बसते, मागे काही कोरावं लागत नाही. सपाट बॉडीला बी-फाइव्ह, लेस पॉलसारख्या फुगीर बॉडीला बी-सेव्हन. त्यात आवाजाचा झोका छोटा, मऊ. पण तारा ब्रिजवरून घासत जातात, म्हणून सोबत रोलर ब्रिज किंवा मागेपुढे डुलणारा ब्रिज हवा. फेंडरच्याच जॅझमास्टर गिटारचा १९५८ चा ट्रेमोलो तिसऱ्याच जातीचा, त्याला बॉडीत वेगळी खोबण लागते.

कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर जून ते सप्टेंबर सॅडलच्या स्क्रूंवर लक्ष ठेवा. घामाने आणि दमट हवेने पहिले तेच गंजतात. वाजवून झालं की कोरड्या फडक्याने पुसा आणि महिन्यातून एकदा मशीनच्या तेलाचा एक थेंब टूथपिकने लावा. आर्मच्या भोकात तळाशी एक बारीकशी स्प्रिंग टाकायची असते, तिच्यामुळे आर्म लटपटत नाही. ती हरवली तर प्लंबर वापरतात ती पांढरी टेफ्लॉनची फीत आट्यांवर दोन फेरे गुंडाळली तरी चालतं. गिटार केसमध्ये ठेवताना आर्म काढून ठेवा, नाहीतर झाकण बंद करताना तो आट्यापाशी वाकतो किंवा तुटतो, आणि ब्लॉकमध्ये राहिलेला तुकडा काढायला लेथवाल्याकडे जावं लागतं.